हायब्रिड इंजिन आणि बॅटरी-सुरक्षा यंत्रणेचे पेटंट : परीक्षण अहवालाची तयारी अर्ज लिहितानाच कशी करावी

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि जालना या पट्ट्यात दुचाकी व तीनचाकी वाहनांचे सुटे भाग अनेक वर्षांपासून तयार होत आहेत. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने बिडकीन येथे हायब्रिड आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या कारखान्यासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला आणि तेव्हापासून येथील कार्यशाळांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘आपल्या यंत्रणेचे पेटंट मिळेल का’ हा प्रश्न अधिक वेळा ऐकू येऊ लागला. हा लेख अशा लघुउद्योजकांसाठी आणि प्राध्यापकांसाठी आहे, ज्यांच्याकडे चालणारा नमुना आहे, परंतु पेटंट कार्यालयाकडून येणाऱ्या पहिल्या परीक्षण अहवालाला उत्तर कसे द्यावे याची कल्पना नाही. हायब्रिड वाहनाच्या बाबतीत सगळे परीक्षण शेवटी एका मुद्द्यावर येऊन ठेपते. इंजिन आणि बॅटरी या दोन जुन्या वस्तू तुमच्या यंत्रणेत एकमेकींवर नेमका काय परिणाम घडवतात, हा तो मुद्दा. तो अर्जात पहिल्या दिवशी लिहिलेला नसेल, तर नंतर कितीही चांगला वकील दिला तरी तो अर्जात घालता येत नाही.

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका लघुउद्योजकाने मालवाहू तीनचाकीसाठी छोटे इंजिन, मोटर-जनरेटर आणि लिथियम-आयन बॅटरी-संच अशी जोडणी केली आहे. बॅटरीतील एखादा सेल बिघडू लागला की बहुतेक यंत्रणा कॉन्टॅक्टर (बॅटरीला बाकीच्या यंत्रणेशी जोडणारा मोठा विद्युत-स्विच) उघडून बॅटरी तोडतात. वाहन त्या वेळी कन्नडजवळच्या औट्रम घाटात भरल्या मालासह चढावर असेल, तर चाकांना मिळणारे बळ एकाएकी निम्म्यावर येते. शिवाय मोठा प्रवाह वाहत असताना कॉन्टॅक्टर उघडला, तर त्याच्या टोकांमध्ये ठिणगीची कमान निर्माण होते, टोके जळतात, आणि मोटर-जनरेटर फिरतच असल्यामुळे इन्व्हर्टरच्या (बॅटरी आणि मोटर यांच्यामधील वीज-परिवर्तकाच्या) बाजूचे व्होल्टेज क्षणात उसळते. आपल्या उद्योजकाने क्रम बदलला. त्याचा नियंत्रक प्रथम मोटरचा टॉर्क (फिरवणारे बळ) कमी करतो, तेवढाच टॉर्क इंजिनाकडून वाढवून घेतो, रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (ब्रेक लावताना बॅटरीत परत वीज भरणे) बंद करतो, आणि बॅटरीचा प्रवाह जवळजवळ शून्यावर आल्यानंतरच कॉन्टॅक्टर उघडतो. वाहन इंजिनाच्या बळावर रस्त्याच्या कडेपर्यंत जाते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सेलच्या आतील ऋणाग्रावरचा संरक्षक थर साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान विघटित होऊ लागतो आणि दोन अग्रांना वेगळे ठेवणारा पॉलिएथिलीनचा विभाजक सुमारे १३० अंशांच्या आसपास वितळतो. त्यानंतर सेल स्वतःच्या रासायनिक क्रियेने तापत जातो. कॉन्टॅक्टर उघडल्याने ती क्रिया थांबत नाही. म्हणून ‘आमची यंत्रणा बॅटरीची आग रोखते’ असे वाक्य अर्जात लिहिण्याचा मोह टाळावा. ते खरे नसेल तर परीक्षक पुरावा मागेल आणि तो देता येणार नाही. ‘बिघाडाच्या प्रारंभीच्या अवस्थेत सेलमधून जाणारा प्रवाह कमी होतो, कॉन्टॅक्टरची टोके वितळून चिकटत नाहीत आणि वाहनाचे बळ खंडित होत नाही’ हे विधान कमी आकर्षक आहे, परंतु मोजून दाखवता येते. परीक्षणात त्याचाच उपयोग होतो.

आधीच्या पेटंटांचा व दस्तऐवजांचा अर्जापूर्वीचा शोध स्वतः करावा, कारण यंत्रणेतील बारकावे बाहेरच्या माणसापेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक असतात. भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाचे ‘इन्पास’, तर जगभरातील दस्तऐवजांसाठी एस्पेसनेट आणि पेटंटस्कोप ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. केवळ शब्दांवर शोधू नये. वर्गीकरणाच्या संकेतांकांनी शोधल्यास जपानी व जर्मन दस्तऐवजही सापडतात. हायब्रिड वाहनांच्या नियंत्रणासाठी बी६०डब्ल्यू २०, त्यातही बिघाड हाताळण्यासाठी २०/५०, विद्युत वाहनांच्या सुरक्षा साधनांसाठी बी६०एल ३, बॅटरीच्या देखरेखीसाठी बी६०एल ५८ आणि सेलच्या मापनासाठी एच०१एम १०/४८ हे गट आधी पाहावेत. टोयोटाची प्रियस १९९७ साली जपानच्या बाजारात आली, म्हणजे या क्षेत्रात पाव शतकाहून अधिक काळाचे पूर्वज्ञान, म्हणजे आधीच प्रसिद्ध झालेली माहिती, साठलेले आहे. २०१९ मध्ये त्याच कंपनीने विद्युतीकरणाशी संबंधित सुमारे २४ हजार पेटंटे विनाशुल्क वापरास देण्याचे जाहीर केले, तेव्हा आता ते सगळे मोकळे झाले असा समज काहींनी करून घेतला. वापर मोकळा झाला तरी त्या दस्तऐवजांतील माहिती प्रसिद्धच राहते आणि तुमच्या नावीन्याच्या आड ती पूर्वीइतकीच येते.

शोधाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मौन. अर्ज दाखल होण्यापूर्वी यंत्रणा औद्योगिक प्रदर्शनात मांडली, महाविद्यालयाच्या परिषदेत निबंध वाचला किंवा चालत्या नमुन्याची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली, तर तुमचीच कृती तुमच्या विरोधात पूर्वज्ञान ठरू शकते. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, परंतु ती शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आणि विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधांपुरती मर्यादित आहे. शेंद्र्यातील एखाद्या प्रदर्शनात स्टॉल घेतला की सवलत आपोआप मिळते असे नाही. ज्यांच्याकडून ब्रॅकेट, वायरिंग किंवा आवरण करून घेता, त्या जॉबवर्क करणाऱ्यांशी आधी गोपनीयतेचा लेखी करार करावा. आपल्याकडे ही कामे तोंडी विश्वासावर होतात, आणि नेमक्या याच ठिकाणी तो विश्वास पुरत नाही. काम अपुरे असेल तर तात्पुरते विनिर्देश (शोधाचे लेखी वर्णन) दाखल करून तारीख पक्की करावी. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देश द्यावे लागतात. परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर कलम ३९ नुसार परवानगी घ्यावी, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे.

अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावा लागतो, मराठीत नाही. तरीही यंत्रणेचा क्रम प्रथम मराठीत, आपल्या फिटरला सांगितल्यासारखा, कागदावर उतरवावा. कोणती गोष्ट आधी घडते, किती मिलिसेकंदांनी दुसरी घडते, दुसरी पहिलीची वाट पाहते की नाही, हे स्वतःच्या भाषेत स्पष्ट झाले की इंग्रजी मसुदा लिहिणाऱ्याच्या हातून दुवा सुटत नाही. मुख्य दावा, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारे विधान, आपल्या उदाहरणात साधारण असा होईल : इंजिन, मोटर-जनरेटर, बॅटरी-संच, कॉन्टॅक्टर आणि नियंत्रक असलेली यंत्रणा, जिच्यात एखाद्या सेलच्या तापमानवाढीचा वेग आणि त्याच सेलच्या व्होल्टेजमधील घट या दोन्हींनी ठरावीक मर्यादा ओलांडल्याचे ओळखताच नियंत्रक मोटर-जनरेटरचा टॉर्क ज्या प्रमाणात कमी करतो त्या प्रमाणात इंजिनाचा टॉर्क वाढवतो, आणि बॅटरीचा प्रवाह ठरावीक पातळीखाली गेल्यानंतरच कॉन्टॅक्टर उघडतो. ‘नंतरच’ या शब्दातील ‘च’ हा या अर्जाचा प्राण आहे.

मुख्य दाव्याखाली उपदावे उतरत्या क्रमाने द्यावेत : मर्यादांची आकडेवारी, प्रवाह उतरण्याचा कालावधी, इंजिन बंद असल्यास ते आधी सुरू करण्याची तरतूद, इंजिन सुरू न झाल्यास काय करायचे याची तरतूद. असे करण्याचे कारण कलम ५९ मध्ये आहे. अर्ज दाखल झाल्यावर दाव्यांत बदल केवळ त्याग, दुरुस्ती किंवा स्पष्टीकरण या स्वरूपात करता येतो. मूळ विनिर्देशात जे नव्हते ते आणता येत नाही आणि मूळ दाव्यांच्या बाहेरही जाता येत नाही. म्हणजे परीक्षकाने मुख्य दावा अडवल्यावर मागे सरकून उभे राहण्याच्या जागा आधीच बांधून ठेवायच्या असतात. दहाहून अधिक दाव्यांना आणि तीसहून अधिक पानांना जादा शुल्क पडते, परंतु या ठिकाणी काटकसर करू नये.

वर्णनात प्रत्यक्ष चाचणीचे आकडे द्यावेत. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. इंजिन बंद झाल्यावर शीतक फिरायचा थांबतो आणि इंजिनातील साठलेली उष्णता शेजारच्या बॅटरीच्या पेटीकडे सरकते. अशा उन्हात उभ्या केलेल्या वाहनावर घेतलेली तापमानाची नोंद, प्रवाह उतरतानाचा आलेख आणि कॉन्टॅक्टरच्या टोकांची आधीची-नंतरची स्थिती यांनी वर्णनाला वजन येते. कलम १० नुसार शोध पूर्णपणे उघड करणे आणि अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धत सांगणे बंधनकारक आहे. मर्यादांचे आकडे गुपित ठेवून पेटंटही घ्यायचे, असे दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाहीत.

प्रक्रियेविषयी थोडक्यात. अर्ज दाखल केल्याने परीक्षण आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी फॉर्म १८ ने वेगळी विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांना ही मुदत अग्रक्रमाच्या तारखेपासून (त्या शोधाचा पहिला अर्ज दाखल झाल्यापासून) ३१ महिने आहे. पूर्वी ती ४८ महिने होती आणि जुन्या पुस्तिकांत अजून तोच आकडा आढळतो. मुदत चुकली तर अर्ज मागे घेतल्याचे समजले जाते. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे. इतरांना हेच ८,००० आणि २०,००० रुपये पडते. लघुउद्योजकाने सवलतीसाठी उद्यम प्रमाणपत्रासह फॉर्म २८ जोडावा. स्टार्टअप, लघुउद्योग आणि महिला अर्जदार यांना फॉर्म १८-ए ने जलद परीक्षणही मागता येते, आणि त्याचे सवलतीचे शुल्क ८,००० रुपये आहे. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो व प्रसिद्धीनंतरच परीक्षकाकडे जातो, त्यामुळे घाई असल्यास फॉर्म ९ ने लवकर प्रसिद्धी मागावी. महाराष्ट्रातील अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात, परंतु परीक्षक दुसऱ्या शहरातील कार्यालयातलाही असू शकतो. त्यात वावगे काही नाही.

आता अहवाल. त्याच्या तारखेपासून उत्तरासाठी सहा महिने मिळतात आणि मुदत संपण्यापूर्वी फॉर्म ४ भरल्यास आणखी तीन महिने. अहवाल हाती आल्यावर बहुतेक जण खचतात, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक दाव्यासमोर ‘नाही’ लिहिलेले असते. तो निकाल नसून आक्षेपांची यादी आहे. परीक्षक अहवाल देतो आणि निर्णय पेटंट कार्यालयाचा नियंत्रक (कंट्रोलर) करतो, हे लक्षात ठेवून शांतपणे वाचायला बसावे. आधी शेवटचा, औपचारिक त्रुटींचा भाग संपवावा : सह्या, मुखत्यारपत्र, शोधकांची घोषणा, आणि परदेशातील अर्जांची माहिती देणारा फॉर्म ३, जो आता अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत अद्ययावत करावा लागतो. सहा महिन्यांच्या हिशेबात राहून ही तीन महिन्यांची तारीख चुकवणारे अर्जदार मी पाहिले आहेत.

खरे काम तांत्रिक आक्षेपांचे आहे. आपल्या उदाहरणात परीक्षक बहुधा दोन दस्तऐवज पुढे करील. पहिल्यात बॅटरी बिघडल्यावर केवळ इंजिनावर चालणारे हायब्रिड वाहन असेल, दुसऱ्यात तापमान व व्होल्टेज यांवरून बिघडता सेल ओळखणारी यंत्रणा असेल, आणि दोन्ही एकत्र केल्यास तुमचा दावा जाणकाराला उघडच सुचला असता असे म्हटलेले असेल. अशा वेळी ‘आमचा शोध वेगळा आहे’ असे नुसते म्हणू नये. मूळ दस्तऐवज उतरवून घेऊन पूर्ण वाचावा, कारण अहवालात उद्धृत केलेल्या परिच्छेदाच्या मागेपुढे पुष्कळदा आपल्या उपयोगाचे वाक्य सापडते. समजा पहिल्या दस्तऐवजात कॉन्टॅक्टर आधी उघडतो आणि मग इंजिन भार उचलते. तसे असेल तर दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवूनही तुमचा क्रम तयार होत नाही, उलट पहिला दस्तऐवज वाचकाला विरुद्ध क्रमाकडे नेतो. हा मुद्दा आकृतीच्या आणि परिच्छेदाच्या क्रमांकासह मांडावा, आणि मग क्रम बदलल्याने मिळालेला मोजता येण्याजोगा परिणाम आपल्या विनिर्देशातील आलेखावरून दाखवावा. कायद्यातील कल्पक पायरीच्या व्याख्येत अस्तित्वातील ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, अथवा दोन्ही, अपेक्षित आहेत. परंतु ती गोष्ट जाणकाराला उघड नसणे ही अट त्यासोबत कायम राहते. केवळ ‘खर्च वाचतो’ एवढ्याने भागत नाही.

कार्यशाळेत वाढलेल्या माणसाने या संदर्भात बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७८ चा निकाल समजून घ्यावा. वाद भांडी घासून-घडवताना लेथवर घट्ट धरण्याच्या साधनाचा होता. न्यायालयाने म्हटले की ज्ञात साधनात केलेली कार्यशाळेतील नेहमीची सुधारणा पेटंटास पुरत नाही. कुशल कारागिराला सहज जमलेली गोष्ट किती मोलाची आहे हे आपण जाणतो, पण कायदा तिला शोध म्हणत नाही, हे पचवणे थोडे अवघड जाते.

दुसरा आक्षेप हमखास येतो तो कलम ३(एफ) चा : ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी, ज्यात प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे आपले जुनेच काम करते. इंजिन बळ देते, बॅटरी वीज देते, सेन्सर मोजतो, कॉन्टॅक्टर उघडतो. दावा अशा भागांची यादी म्हणून लिहिला असेल तर आक्षेप बरोबरच आहे. उत्तर एकाच प्रकारे देता येते. एका भागाची स्थिती दुसऱ्याच्या वर्तनाला कशी बांधते, हे दाखवावे लागते. येथे कॉन्टॅक्टर कधी उघडायचा हे इंजिनाने भार उचलल्याने घटलेला प्रवाह ठरवतो, आणि इंजिनाने किती टॉर्क द्यायचा हे सेलची अवस्था ठरवते. तुमच्या यंत्रणेत असा दुवा खरोखरच नसेल, म्हणजे चांगले इंजिन आणि चांगली बॅटरी एका चौकटीवर बसवलेली असेल, तर पेटंटाचा नाद सोडून डिझाइन नोंदणीचा विचार करावा, असे मी स्पष्ट सांगतो.

तिसरा आक्षेप कलम ३(के) चा, म्हणजे हा केवळ संगणक प्रोग्राम किंवा अल्गोरिदम आहे असा. नियंत्रकातील तर्क सॉफ्टवेअरमध्ये असल्याने तो येणारच. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तांत्रिक परिणाम व तांत्रिक योगदान पाहण्यावर भर दिला आणि मोटारी, धुलाई यंत्रे, शीतकपाटे यांतही प्रोग्राम असतात याकडे लक्ष वेधले. उत्तरात त्या निकालाचा उल्लेख करावा, पण भिस्त दाव्यातील भौतिक कृतींवर ठेवावी : प्रवाह घटतो, टॉर्क वाढतो, कॉन्टॅक्टर उघडतो. ‘निर्देशांक काढणे’, ‘निर्णय घेणे’, ‘इशारा दाखवणे’ एवढ्यावर दावा थांबत असेल तर तो कृतीपर्यंत न्यावा, अर्थात ती कृती मूळ विनिर्देशात लिहिलेली असेल तरच.

एक चूक मात्र टाळावी. आपली बॅटरी एआयएस-१५६ किंवा एआयएस-०३८ या विद्युत वाहनांच्या सुरक्षा-मानकांच्या चाचण्या उत्तीर्ण झाली हे उत्तरात कल्पकतेचा पुरावा म्हणून देऊ नये. पहिले मानक दुचाकी-तीनचाकी गटासाठी आणि दुसरे मोटारी व मालवाहू वाहनांसाठी आहे. ती प्रत्येक उत्पादकाला पाळावीच लागतात. मानकाने सांगितले तेवढेच केले असेल, तर परीक्षक मानकाचा मजकूरच पूर्वज्ञान म्हणून दाखवू शकतो. मानक जेथे थांबते तेथून पुढे तुम्ही काय केले, ते सांगावे.

उत्तराने समाधान झाले नाही तर कलम १४ नुसार सुनावणी लागते. ती आता सामान्यतः दृक्‌श्राव्य माध्यमातून होते, त्यामुळे लातूर किंवा बीडच्या अर्जदाराला मुंबईची फेरी पडत नाही. तारीख पुढे ढकलायची असल्यास किमान तीन दिवस आधी सकारण विनंती करावी, आणि अशी संधी दोनदाच मिळते. सुनावणीत शोधकाने स्वतः हजर राहावे. वकील कलमे मांडतो, परंतु ‘प्रवाह शून्यावर येण्याआधी कॉन्टॅक्टर उघडला तर काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याने जळालेली टोके हातात धरली आहेत तोच नीट देऊ शकतो. सुनावणीनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणे आणि आवश्यक ते सुधारित दावे दाखल करावेत. अर्ज नाकारला गेला तर तीन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येते, कारण पूर्वीचे बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाले आहे.

पेटंट मंजूर झाल्यास त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. मंजुरीला उशीर झाला असेल तर मधल्या वर्षांचे नूतनीकरण शुल्क पेटंटाची नोंदवहीत नोंद झाल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत एकदम भरावे लागते, आणि शोधाचा प्रत्यक्ष वापर होतो की नाही याचे फॉर्म २७ मधील निवेदन आता दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यावे लागते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षभर कोणीही हितसंबंधी व्यक्ती विरोध दाखल करू शकते, म्हणून चाचणीच्या मूळ नोंदवह्या, आलेख आणि जुने कॉन्टॅक्टर तोपर्यंत भंगारात देऊ नयेत.